श्रावणचा खुबा आणि माझी पुडी

श्रावण सोनकुसरे हे नाव तुम्ही कुठल्याही नाटकाच्या पोस्टरवर वाचलेलं नसणार. झाडीपट्टीत, म्हणजे वडसा-गडचिरोलीकडच्या गावांत, दिवाळी झाली की नाटकांचा हंगाम लागतो. त्या पोस्टरांवर माझा चेहरा असायचा, तलवारीसकट. श्रावण असायचा विंगेत. पोत्यावर उकिडवा बसून, वही मांडीवर धरून, तो आम्हाला संवाद पुरवायचा. आमच्याकडे तालमी कमी आणि प्रयोग जास्त. प्रॉम्प्टर नसला तर राजा मुका आणि खलनायक बहिरा. अठ्ठावीस हंगाम त्याने मला बोलतं ठेवलं. टाळ्या पडल्या की मी वाकून नमस्कार करायचो, तो वहीचं पान उलटायचा.

श्रावणचं घर विणकरांचं. वडील हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसत आणि माग थांबला की दारूच्या गुत्त्यावर जाऊन बसत. त्या दारूनेच ते गेले. तेव्हा श्रावण चौदा वर्षांचा होता. आईच्या पायाला हात लावून त्याने शपथ घेतली आणि पुढे थेंबालाही स्पर्श केला नाही. नाटक कंपनीत आम्ही सगळे काय होतो ते सांगण्यात अर्थ नाही. हा एकटा चहा आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा यावर हंगाम काढायचा. "तुमच्यातला एक तरी शुद्धीत पाहिजे ना जी," म्हणायचा, "नाही तर तिसऱ्या अंकातला बाप पहिल्या अंकातच मरन."

हंगाम नसला की शहरातल्या इतवारी बाजारात एका कापड दुकानाच्या गादीवर बसून तो लुगडी दाखवायचा. म्हणजे लहानपणी मागापाशी, मग पोत्यावर, मग गादीवर. माणसाचं सगळं आयुष्य जमिनीला टेकून गेलं.

तीन हिवाळ्यांपूर्वी त्याची कंबर धरली. मी त्याच्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, माझे गुडघे आधीच बोलत होते आणि उमरेड रस्त्यावरच्या एका वैदूच्या पुडीने मला उतार पडला होता. भगव्या रंगाची भुकटी, कागदात बांधलेली, सकाळी कोमट पाण्यातून घ्यायची. मी हुडकेश्वरला राहतो, वैदू त्याच रस्त्याने पुढे. महिन्याच्या पुड्या स्वतः आणून मी त्याच्या हातात ठेवल्या. चौथ्या दिवशी श्रावण चालत माझ्या घरी आला, दारातच एक गिरकी घेतली आणि म्हणाला, "नत्थूजी, तुमच्या हाताले देवानं गुण देल्ला." मी काय फुललो होतो! म्हातारपणी नटाला टाळी मिळत नाही हो. मला ती मिळाली. मी आणखी सात जुन्या कलावंतांना पुड्या पोचवल्या. माझी स्वतःची मात्र पुढच्याच उन्हाळ्यात बंद झाली, पोटात आग पडायची म्हणून; श्रावणला दर महिन्याला देत राहिलो, आणि तो घरचे उठायच्या आत ती घ्यायचा.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला श्रावणचा उजवा पाय मांडीतून वळेना. मोजा घालायला सून लागायची. मुलगा पंकज हिंगण्याला एका कंपनीत पाळीवर असतो, म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे सून धनश्री आणि मी घेऊन गेलो. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो दिव्यासमोर धरला. खुब्याचा गोळा दबलेल्या पेरूसारखा दिसत होता.

"रक्तपुरवठा बंद पडून हाड मेलंय," डॉक्टर म्हणाले. "हे बहुतेक वेळा दारूनं होतं किंवा स्टेरॉइडनं. आजोबा, दारू घेत होता का? कुठली पावडर, गावठी औषध?"

स्टेरॉइड म्हणजे काय हे मला नीट ठाऊक नव्हतं, पण पावडर म्हटल्याबरोबर ती भगवी भुकटी डोळ्यांपुढे उभी राहिली. श्रावणने माझ्याकडे पाहिलं. मी पुडी आणली तर मीच सांगावी, असा त्याचा साधा हिशेब. आणि मी, आयुष्यभर दुसऱ्याचे शब्द स्वतःचे म्हणून बोललेला, मी हसलो आणि म्हणालो, "कलावंत माणूस, डॉक्टरसाहेब! हंगामात सगळेच थोडी थोडी घ्यायचे."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. बाहेर आल्यावर, धनश्री पैसे भरायला गेली तेव्हा, श्रावणने फक्त विचारलं, "तुम्ही तसं काहून म्हणाले जी?" मी म्हणालो, "डॉक्टर लोकांना काही तरी कारण लागतं गा. लिहू दे. पुडीचं नाव घेतलं तर ऑपरेशनच लांबवतील." हे दुसरं वाक्य मी तिथल्या तिथे रचलं. त्याला ते पटलं, कारण पटवण्याची कला मला येत होती.

खुबा बदलायच्या ऑपरेशनची तारीख दोन महिन्यांनी मिळाली. पंकजने त्याच पंधरवड्याची रजा मांडली. तयारीचा भार मी अंगावर घेतला आणि आता वाटतं, त्या धडपडीत अर्धी मैत्री होती, अर्धी लपवाछपवी. लकडगंजातल्या आरा मशीनवरून मी सागाचे चार ठोकळे कापून आणले आणि पलंगाच्या पायांखाली दिले, कारण नव्या खुब्याला खालची बैठक चालत नाही. संडासात उंच खुर्ची बसवली. घरातल्या सतरंज्या गुंडाळून माळ्यावर टाकल्या, वॉकर अडकू नये म्हणून. खर्रा बंद. खर्ऱ्याने कुजलेली एक दाढ होती, तीही काढावी लागली. तोंडातला पू रक्तातून नव्या सांध्यात उतरतो म्हणे.

व्यायामही होते. पलंगावर पडून घोटा वर-खाली करायचा. मांडी आवळून दहा आकडे मोजायचे. हातांत बळ यावं म्हणून खुर्चीचे दांडे दाबून उठायचं. मी आकडे मोजायचो.

"सात, आठ... श्रावण, मांडी आवळ, तोंड नको आवळू."

"तुम्ही आठावर लय वेळ थांबता जी. नाटकात पण असंच करायचे. मरायच्या आधी पाच मिनिटं."

"लोकांना आवडायचं ते!"

"लोकाईले आवडे. माह्यी पानं संपून जायची."

हसायचा. पण भीती आतून होतीच. एकदा म्हणाला, "कंबरेत सुई देतात ना, त्यात माणूस जागाच राह्यते म्हणे. हातोडीचा आवाज ऐकू येते." मी म्हटलं, कानात गाणी लावून देतात. "गाणी नको," तो म्हणाला. "मले कोनीतरी बोलत राह्यलं पाह्यजे." आणि मग, "यापुढं मांडी घालून बसता नाही येणार, असं सांगतलं डॉक्टरनं. कधीच नाही. आता जेवण टेबलावर. खुशीच्या लग्नात पंगतीत मी एकटाच खुर्चीवर बसन, पुढाऱ्यावानी." खुशी म्हणजे त्याची नात, अजून शाळेत जाते.

भुलेच्या डॉक्टरीणबाईंनी तपासणीच्या दिवशी पुन्हा विचारलं. गोळ्या कोणत्या? वैदूचं, आयुर्वेदाचं काही? श्रावणने या वेळी माझ्याकडे पाहिलंही नाही. "नाही," म्हणाला. मी शिकवलेला संवाद होता तो. बाई म्हणाल्या, "दारू पूर्ण बंद ठेवा." धनश्री मान खाली घालून उभी होती.

मग पुड्या संपल्या. त्याने मागितल्या तर मी म्हटलं, "आता ऑपरेशनपर्यंत नको, बंद कर." आपण चूक दुरुस्त करतोय, असंच मला वाटलं होतं. चौथ्या दिवशी, भरती व्हायला पाच दिवस उरले असताना, सकाळी मी गेलो तेव्हा श्रावण पलंगावर पांढराफटक पडला होता. उठताना चक्कर येऊन वॉकरसकट कलला होता. ओकाऱ्या. अंगात त्राण नाही.

धनश्रीने सासऱ्याविषयी विचारायला मला स्वयंपाकघरात बोलावलं. "काकाजी, खरं सांगा जी. मामाजी लपून पेत होते का? दारू एकदम सोडली की असंच होते, आमच्या शेजारच्याचं झालं होतं." तिचा आवाज दबलेला होता, पण घर दोन खोल्यांचं. "मी त्या दिवसापासून रोज त्यायच्या गादीखाली पाहून राहिली. मले माहीत असतं तर मी खुशीले यायच्याजवळ एकटं..." पुढचं तिने गिळलं.

पलंगावरून श्रावणचा आवाज आला. अगदी हळू. "धनश्री, मी कधी नाही पेलो वं."

"मग डॉक्टरसमोर गप्प काहून राहिले?"

त्याला उत्तर देता आलं असतं. चार शब्द पुरले असते. तो छताकडे पाहत राहिला. मला तेव्हा कळलं, की हा माणूस ते चार शब्द बोलणार नाही. सुनेच्या नजरेतून उतरेल, तिच्या मनात स्वतःच्या बापासारखाच दारुडा ठरेल, पण माझं नाव घेणार नाही.

मी बोललो. मला वाटलं होतं, कधी सांगायची वेळ आली तर छान सांगेन, गळा भरून येईल, ऐकणाराही रडेल. तसं काही झालं नाही. दारात उभा राहून तुटक तुटक बोललो. पुडी मी आणली. तीन वर्षं मीच देत होतो. दारूचं मी खोटं सांगितलं. आता मीच बंद करायला लावली.

धनश्रीने मला एवढंच विचारलं, "कागद आहे?" माझ्या घरी वैदूचा एक रिकामा कागद होता, तळाशी भुकटी चिकटलेली. रिक्षा करून तो आणला आणि तिघं तसेच दवाखान्यात गेलो.

भुलेच्या बाईंनी रक्त तपासलं, सलाईन लावली. कागद हातात घेऊन त्यांनी तळाची भुकटी बोटाने घासून पाहिली. मग म्हणाल्या, अशा पुड्यांत बहुतेक वेळा स्टेरॉइड मिसळलेलं असतं, आणि रक्तावरून तसंच दिसतंय. वर्षानुवर्षं ते घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. एकाएकी बंद केलं की माणूस असा कोसळतो. "हे न सांगता टेबलावर घेतलं असतं, तर रक्तदाब खाली गेला असता आणि कदाचित वर आलाच नसता." त्या श्रावणकडे वळल्या. "आजोबा, तुम्ही का नाही सांगितलं?"

"बाई, माणसानं चांगल्यासाठी देल्लं होतं," श्रावण म्हणाला. "त्याची फजिती कशी करू?"

ऑपरेशन सहा आठवडे पुढे गेलं. पंकजची रजा वाया गेली. त्यानंतर मला 'काकाजी' म्हणणं त्याने सोडलं, नुसत्या 'तुम्ही'वर आला. धनश्रीने सासऱ्याची माफी मागितली ती मी ऐकली, कारण तिने ती मुद्दाम माझ्यासमोर मागितली.

फेब्रुवारीत खुबा बदलला. आत सोबत कुणाला सोडत नाहीत, पण भुलेच्या बाई पूर्ण वेळ त्याच्या उशाशी बसून बोलत राहिल्या, असं त्याने नंतर सांगितलं. "बाईले नाटक आवडते," म्हणाला. "मी तिले एक अख्खा अंक म्हणून दाखवला. सगळ्याईचे संवाद. तुमचेही. हातोडी वाजली तिथं थोडा थांबलो." दुसऱ्या दिवशी वॉकर धरून तो सहा पावलं चालला. पंकजला दुसऱ्यांदा रजा नव्हती, म्हणून दिवसा मी बसायचो. धनश्री डबा द्यायची, औषधाच्या गोळ्यांना मात्र मला हात लावू देत नव्हती. बरोबरच होतं ते.

टाके काढले त्या दिवशी डॉक्टरांनी नवा फोटो दाखवला. उजवीकडे धातूचा चकचकीत गोळा. आणि डावीकडे, अजून गोल असलेल्या खुब्यावर, एक काळसर चंद्रकोर. "हाही जाणार," डॉक्टर म्हणाले. "वर्ष, दोन वर्षं." श्रावणने मान हलवली, जणू पुढच्या गावचा प्रयोग ठरलाय. मी मात्र त्या फोटोवरून नजर काढू शकलो नाही. एकाच माणसाचे दोन्ही खुबे माझ्या पुडीने खाल्ले होते.

परतल्यावर त्याने विचारलं, "आणखी कोणाले देल्ली होती?"

सात जणांना. त्याने वहीचं कोरं पान फाडून दिलं आणि नावं लिहायला लावली. दोन माणसं आता नाहीत. कशाने गेली हे मी विचारलेलं नव्हतं, आता विचारायला घाबरतो. उरलेल्या पाचांना मी श्रावणच्या उंच पलंगाशेजारी बसून फोन लावले. पायाचा व्यायाम करत तो ऐकत होता. मी आधी स्वतः शिकलो ते सांगायचो : पुडी एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरकडे जा, कागद सोबत न्या. चौघांनी ऐकून घेतलं. त्यातल्या एकाने शिव्या दिल्या, त्या घेतल्या.

पाचवी सिंधूताई. कंपनीत आमच्या नायिकेची आई व्हायची, आता एकटी पवनीला राहते. माझं सगळं बोलणं तिने शांतपणे ऐकलं आणि मग हसली.

"नत्थूजी, काही तरीच! मले तं लय बरं वाटून राहिलं. सकाळी विहिरीवरून पाणी आणते मी. तुम्हीच तं म्हणाले होते ना, अमृत आहे म्हणून? मी आता थेट त्या वैदूकडूनच मागवते. आमच्या मोहल्ल्यातल्या चार बायाईलेही देल्ली."

तिला समजावायला जे जोरदार वाक्य लागलं असतं, तसंच वाक्य वापरून मी तिला ती पुडी दिली होती. मी फोन कानावरून खाली घेतला; तिचं हसणं श्रावणनेही ऐकलं होतं.

"ठेवू नका," श्रावण पलंगावरून म्हणाला. त्याने डावा पाय हातांनी उचलून सरळ केला, वॉकर पुढे ओढला आणि हात लांब केला. "आना इकडं. मी सांगतो तिले माह्या खुब्याचं."