नकार माझा होता

माझी बायको जाऊन दोन वर्षं झाली. ती असताना तिच्या नावावर मी एक गोष्ट खपवली आणि ती तिला कधीच कळू दिली नाही. गोष्ट एका खोलीची आहे. आता जिना चढताना मधल्या पायरीवर थांबावं लागतं, श्वास जमेपर्यंत रेलिंग धरून उभं राहावं लागतं. अशा वेळी ती खोली आठवते आणि वर पोचलो तरी डोक्यातून जात नाही. म्हणून लिहितो.

आमचं घर चंद्रपूरच्या परकोटाच्या, म्हणजे जुन्या तटबंदीच्या, आत, मुख्य रस्त्यावर. खाली दुकानं, वर आम्ही. खिडकीची चौकट सकाळी पुसली तर दुपारी बोट काळं होतं, हवेतच कोळसा आहे. दिवाळीच्या आठवड्यात रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. कपड्यांच्या दुकानांतली गाणी, फटाक्यांच्या गाड्या, आकाशकंदील, आणि या सगळ्यातून हॉर्न वाजवत जाणाऱ्या मोटारसायकली. आमच्या गॅलरीतून परकोटाची भिंत दिसते. त्या भिंतीला टेकून काही कुटुंबं राहायची. बांबू, प्लास्टिक, जुने फ्लेक्स, बस. कुणी मिस्त्रीच्या हाताखाली कामाला आलेलं, कुणी पुरात घर बसलं म्हणून आलेलं.

निवृत्त लोकांचं आमचं एक मंडळ आहे. दर वर्षी भाऊबीजेला सकाळी आम्ही भिंतीपाशी जायचो. बॅनर लागायचा, फराळाची पाकिटं, घोंगड्या, आणि एकाच गठ्ठ्यातली लुगडी. तिथल्या बायका आम्हाला ओवाळायच्या आणि आम्ही एकेकीला लुगडं द्यायचो. खरं तर ताट आमचंच असायचं. कुंकू आमचं, सुपारी आमची, निरांजनही आम्हीच नेलेलं. एक बाई ओवाळून झाली की ताट पुढच्या बाईच्या हातात. फोटो काढणारा सदस्य म्हणायचा, "चला चला, पुढची ताई."

त्या वर्षी माझ्यासमोर जी बाई आली तिनं आमचं ताट घेतलं नाही. स्वतःची स्टीलची ताटली आणली होती. तीत चार तांदूळ, कुंकवाची पुडी आणि कणकेचा दिवा. मला ती तोंडओळखीची होती, कारण परकोटाच्या गेटापाशी ती टोपलं घेऊन मासे विकायची आणि माझी बायको तिच्याकडूनच घ्यायची. मूळची झाडीपट्टीतली, तलावावर मासेमारी करणाऱ्या घरातली.

"भाऊ, वाका ना थोडे. माझा हात नाई पुरत."

मंडळातला एक जण ओरडला, "वाका हो! आजपर्यंत फक्त साहेबासमोरच वाकले!"

सगळे हसले. ती पण हसली. ओवाळून झाल्यावर तिनं विचारलं, "घर कुठी हाये भाऊ तुमचं?"

"ते काय, गॅलरीत चादर वाळते ना, ते."

"मंग तर लय जवळ झालं मायेर."

पुन्हा सगळे हसले, मीही हसलो. तिच्या बाजूनं तो विनोद नव्हता, हे मला तेव्हा कळलं नाही. आमच्यासाठी भाऊबीज हा कार्यक्रम होता. तिच्या गावात ओवाळून घेतलेला माणूस भाऊ होतो आणि अडचण आली की त्याच्या दारात जायचं असतं.

पंधराएक दिवसांनी ती आली. दुपार होती, बायको भजनाला गेली होती. मासेवाली जिना चढून वर आली, पण आत आली नाही. वरच्या पायरीवर बसली.

"भाऊ, पोरीचे दिवस भरत आले. बाळंतपन सरकारी दवाखान्यात होईल, त्याची फिकीर नाई. पन मंग तिले आनू कुठी? थंडी पडून राह्यली. खालची मागची खोली बंद दिसते तुमची. सव्वा महिना द्या. झाडून-पुसून मीच घेईन. सव्वा महिना झाला का मीच कुलूप लावून चाबी आनून देईन."

मी म्हणालो, "बघतो."

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी सगळी नोकरी लाकडाच्या आगारात बाबू म्हणून काढली, काही वर्षं आलापल्लीला, बाकी इकडे. माणसं येत. कुणाला घरासाठी बल्ल्या हव्या, कुणाला लग्नाच्या मांडवासाठी. नाही म्हणायची वेळ आली की मी म्हणायचो, "मी तर देऊन टाकलं असतं, साहेब नाही म्हणतात." साहेब दौऱ्यावर असायचे, त्यांना त्या माणसाचा पत्ताही नसायचा. ही माझी मी लावून घेतलेली सवय. नकार कधी आपल्या तोंडानं द्यायचा नाही, दुसऱ्याच्या नावानं द्यायचा. माणूस साहेबावर चिडतो आणि जाताना आपल्याला नमस्कार करून जातो. तीस वर्षं मी असे नमस्कार घेतले.

खोलीत काय होतं? दोन कूलर. आमच्याकडे उन्हाळा संपला की कूलर एखाद्या खोलीत जातात आणि पुढच्या मार्चपर्यंत तिथेच राहतात. त्यांच्याशिवाय मुलाची जुनी सायकल आणि एक मोडकी खाट. एवढंच. पण मनात आलं, सव्वा महिन्यानं ही माणसं गेली नाहीत तर? खालचे दुकानदार कुरकुरले तर? मुलगा पुण्याहून फोनवर काही बोलला तर? यातलं काहीही मी तिला सांगू शकलो असतो. ते खरं तरी झालं असतं.

दोन दिवसांनी ती पुन्हा आली, पुन्हा भजनाच्याच वेळी. तिला वाटलं होतं की 'बघतो' म्हणजे होकार. येताना तिनं केरसुणी आणली होती.

मी म्हणालो, "माझी ना नाही गं. पण घरच्या बाईला चालत नाही. सोयर-विटाळाचं फार आहे तिचं."

"बाई असं म्हनल्या?"

"हो."

तिनं केरसुणी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "रोज तर चांगल्या बोलतात माझ्यासंग."

मी कठड्यावरची काजळी बोटानं पुसली.

"जाऊ द्या. बाईचं घर, बाईची मर्जी. तुमचा काई इलाज नाई भाऊ." जिना उतरताना ती वळली आणि म्हणाली, "तुमी नका वाईट वाटून घेऊ."

माझ्या बायकोनं आयुष्यात सोयर पाळलं नाही. शेजारच्या सुनेचं बाळंतपण तिनं आमच्या स्वयंपाकघरातून डिंकाचे लाडू करून सांभाळलं होतं.

पोरगी दवाखान्यातून भिंतीपाशीच परतली. मंडळानं दिलेली घोंगडी त्यांनी दाराच्या जागी टांगली. सकाळी शेकोटीचा धूर त्या घोंगडीच्या वरून यायचा. मी गॅलरीत जायचं कमी केलं. पेपर आतल्या खोलीत वाचायला लागलो. बायको म्हणायची, "अजी, तिथी उजेड कमी हाये," आणि मी म्हणायचो, डोळ्याला ऊन लागतं.

थोड्याच दिवसांत एका दुपारी बायको रिकामी पिशवी घेऊन घरी आली.

"ती मासोळीवाली मले नाई म्हनली."

"नाही म्हणजे?"

"टोपल्यात झिंगे दिसून राह्यले होते. मी म्हनलं, पावभर दे. तर म्हनते, संपले. डोयासमोर दिसून राह्यले आन् म्हनते संपले! माझं काई चुकलं काय?"

मी पेपरातून मान वर न करता म्हणालो, "त्या लोकांचं असंच असतं. सोड."

हे दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा हे मला जास्त टोचतं. बायको माझ्याकडे बघत राहिली, कारण असं ती स्वतः कधी बोलत नव्हती आणि मीही घरात बोलत नव्हतो. नंतर तिनं दुसरीकडून मासे आणायला सुरुवात केली, पण ते तिला आवडले नाहीत. हळूहळू तिनं आणणंच सोडलं.

मंडळाच्या बैठकीत मी नकाराआधीच्या त्या दोन दिवसांत सहज बोललो होतो की आमच्याकडे एक खोली आहे, एका बाळंतिणीसाठी देता येते का बघतो. टेबलावर चिवडा होता, सगळे म्हणाले वा, वा. पुढच्या वर्षी अहवाल छापून आला तेव्हा त्यात 'देता येते का बघतो' हे गळून पडलं होतं. माझ्या नावापुढे लिहिलं होतं की बेघर बाळंतिणीस स्वतःच्या घरातील खोली उपलब्ध करून दिली. कार्यक्रमात माझा सत्कार झाला, शाल आणि नारळ. बायकोलाही मंचावर बोलावून माझ्याशेजारी बसवलं.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "आपन कोनाले खोली देल्ली?"

"छापायची चूक आहे."

"मंग तिथी सांगितलं काऊन नाई?"

"एवढ्या लोकांत कसं सांगणार?"

तिनं शालीची घडी घातली. मग म्हणाली, "कोनी मांगितली होती का पन? मांगितली असती तर देल्ली असती ना. कूलरचं काय, गॅलरीत ठेवले असते ताडपत्री टाकून."

तेव्हा सांगता आलं असतं. आम्ही दोघंच होतो, मध्ये फक्त चहा होता. मी म्हणालो, "साखर कमी आहे यात." ती उठून साखर घेऊन आली.

त्यानंतर तीन उन्हाळे गेले आणि चौथ्यात ती गेली. फार आजारी नव्हती. आठ दिवस ताप, मग दवाखाना, मग नाही.

भिंतीपाशी आता कुणी राहत नाही, जागा साफ करून रंगवली आहे. आमची भाऊबीज पुलाखाली होते. तिथल्या एका बाईकडून कळलं की मासे विकणारी आता भद्रावतीला भाड्याच्या खोलीत राहते आणि बाजारात बसते. मी बाजाराच्या दिवशी एसटीनं गेलो. अर्धा बाजार चालल्यावर ती दिसली. केस पांढरे झाले होते, टोपलं तसंच होतं.

"भाऊ! इकडं कसे? बसा, बसा." तिनं खालचं पोतं पुढं सरकवलं.

मला बसवेना. उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. खोलीचं, सोयराचं, अहवालाचं, शालीचं. सांगायला वाटलं होतं तेवढा वेळ लागला नाही. ती सुकी मासोळी निवडत होती, हात चालूच होते.

सगळं ऐकून म्हणाली, "हे बाईले सांगितलं का तुमी?"

"नाही."

"मंग आधी तिले सांगा जाऊन. मले काय सांगता."

"ती गेली. दोन वर्षं झाली."

तिचे हात थांबले. शेजारची लसूण विकणारी आमच्याकडे बघायला लागली.

"मले कोनी सांगितलं नाई," ती म्हणाली. हातातली मासोळी खाली ठेवून पुढे बोलली, "मी तिले झिंगे नाई देल्ले जी. टोपलं भरून होतं. तिच्या तोंडावर म्हनली, संपले." मग म्हणाली, "येक डाव तिनं मले रस्त्याच्या त्या बाजूनं हाक मारली होती. पोरीचं लेकरू कसं हाये म्हनून. मी आयकून न आयकल्यासारखं केलं."

हे मला माहीत नव्हतं. बायकोनं घरी येऊन सांगितलंच नव्हतं.

"तुमी इथी येऊन बोलले, तुमाले हलकं वाटलं असन. मी आता कोनाजवळ जाऊन बोलू?"

एक गिऱ्हाईक आलं, भाव विचारून घासाघीस करायला लागलं. तिनं त्याला नेहमीसारखं तोलून दिलं, वर चिमूटभर टाकलं. तो गेल्यावर तिनं विचारलं, "जाताना जवळ कोन होतं?"

"मीच होतो."

"पानी पाजलं?"

"पाजलं."

तिनं मान हलवली. पोरीच्या पोरीबद्दल मी विचारलं. शाळेत जाते म्हणाली, सर्दी तेवढी तिची जाता जात नाही, लहानपणापासूनची. हे ती सहज बोलली, मला टोचायला नाही.

मी निघताना ती म्हणाली, "त्या तुमच्या पुस्तकात छापलं ना, तुमी खोली देल्ली म्हनून? त्याच्यात दुसरं छापा. तुमचं काय लिहाचं ते लिहा. माझं नाव नको, बाईचंही नको. पन बाई नाई म्हनली नोती, हे लिहा."

परत आल्यावर मी मंडळाच्या सचिवांकडे गेलो. ते माझ्यापेक्षा लहान आहेत, मला काका म्हणतात. म्हणाले, "काका, आता कशाला? जुना अहवाल कोण वाचतं?" मी हट्ट धरला तेव्हा त्यांनी तोडगा काढला की या वर्षी 'खोली देण्याचा प्रयत्न केला' असं दुरुस्त करून टाकू. मी म्हणालो, प्रयत्नही केला नव्हता. ते हसले. दिवाळीची पाकिटं भरायची होती, यादी व्हायची होती, त्यांच्याकडे वेळ नव्हता. खरं तर माझ्याकडेही फार नाही.

म्हणून अहवालात नाही तर इथे लिहितो. खोली मी दिली नाही. ती माझ्या बायकोनं नाकारली नव्हती. तिला कुणी विचारलंच नव्हतं.