गादी झोडपल्याचा आवाज

आधीच कबूल करतो, मी या ग्रुपवर आलो तो इथले भुताखेतांचे अनुभव वाचून हसायला. मी व्यवसायाने एसीवाला, म्हणजे इमारतींच्या एअर कंडिशनिंगचा इंजिनिअर. घरात कुठूनही आवाज आला तरी माझ्याकडे त्याला नाव असतं... ब्लोअर, ड्रेन, सैल स्क्रू. त्यामुळे हे लिहावं की नाही, यातच बरेच दिवस गेले.

आम्ही मूळचे नाशिकचे, सहा वर्षं कतारमध्ये आहोत. मागच्या उन्हाळ्यात लुसैलचा फ्लॅट सोडून समैस्माला एका जुन्या कंपाउंडमधल्या व्हिलात राहायला आलो. समुद्र चालत पाच मिनिटांवर. घरात मी, बायको मानसी आणि आठ वर्षांची इरा. वरच्या मजल्यावरची मागची खोली इराने स्वतः निवडली.

तिसऱ्या आठवड्यात तिला शिंका सुरू झाल्या. मग खोकला, मग छातीत शिट्टी. एका दुपारी शाळेतून आली, खोलीत गेली आणि अर्ध्या तासाने जिन्यात येऊन उभी राहिली. बोलता येईना. नुसता गळ्याकडे हात. त्या दिवशी इमर्जन्सीत धावलो आणि येताना नेब्युलायझर घेऊनच आलो.

टेस्टमध्ये निघालं – डस्ट माइट्स. डोळ्यांना न दिसणारे जीव, गाद्या-उशांत राहतात, आपल्याच अंगाची झडलेली त्वचा खातात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेचा. हवा दमट असली की हे भराभर वाढतात. आणि समैस्माला ऑगस्ट-सप्टेंबरात खिडकीच्या काचा बाहेरून घाम फुटल्यासारख्या ओघळतात!

मग आम्ही काय करायचं ठेवलं? कार्पेट काढलं, पडदे काढले, गादीला झिपवालं कव्हर घातलं. चादरी दर आठवड्याला साठ डिग्रीच्या पाण्यात. इराने तिचा टेडी आपल्या हाताने पिशवीत घातला. "इट्स ओके आई, गिव्ह इट टू समवन विदाउट ॲलर्जी." मानसी बाथरूममध्ये नळ सोडून रडली.

तरी फरक नाही. शाळेत बरी असायची, खोलीत आली की श्वास लागायचा.

त्याच सुमारास इरा एकदा म्हणाली, "बाबा, हू इज हिटिंग द बेड?"

"कुठे?"

"इन माय रूम. एव्हरी आफ्टरनून."

मी म्हटलं, डक्ट आकसतो-प्रसरतो, त्याचा आवाज असेल. मानसीनेही ऐकला होता, पण मी हसेन म्हणून गप्प राहिली होती. हे तिने मला नंतर सांगितलं.

एका शुक्रवारी मी घरी होतो. इराला नेब्युलायझर देऊन मशीन बंद केलं आणि खोली शांत झाली. पावणेतीन वाजले होते.

थप्... थप्... थप्...

लहानपणी आई गच्चीत काठीने गादी झोडपायची, तस्साच. सहा-सात फटके, मग थोडा विसावा, दम खाल्ल्यासारखा. मग पुन्हा. मी खाली जाऊन एसीचा ब्रेकरच पाडला. आवाज चालूच. वॉर्डरोबच्या वर, छताला लागून माळ्याची दोन झाकणं होती, रंगाच्या थरांनी बसलेली. स्टुलावर चढून मी तळहात टेकवला. प्रत्येक फटका हाताला जाणवत होता. खाली माझी मुलगी धापा टाकत बसली होती. स्क्रू ड्रायव्हरने रंग कापला, झाकण ओढलं.

आवाज थांबला. आत कोणी नव्हतं. होती फक्त एक गुंडाळलेली लहान मुलाची गादी. निळी, जहाजांच्या चित्रांची, कुबट वासाची, हाताला ओलसर लागणारी.

माळ्याची मागची फळी तुटलेली होती. तिच्यापलीकडे एसीचं युनिट. त्याच्या ट्रेमधून पाणी त्या गादीवर ठिबकत होतं आणि युनिट तिच्यावरूनच हवा ओढून इराच्या खोलीत सोडत होतं. ते युनिट मी स्वतः दुसऱ्या बाजूने दोनदा उघडून तपासलं होतं! माझंच काम, आणि मला दिसलं नाही.

गादी प्लास्टिकमध्ये बांधून मागच्या अंगणात ठेवली. माळा धुतला, फळी बसवली, ड्रेन दुरुस्त केला. त्यानंतर आवाज आला नाही. इराची शिट्टी दोन दिवसांतच कमी झाली, दोनेक आठवड्यांत ती रात्रभर शांत झोपू लागली. इथपर्यंतचं मी समजावून सांगू शकतो – आवाज सोडून.

गादी सापडल्यावर तीनच दिवसांनी, सोमवारी, कंपाउंडचे केअरटेकर इब्राहिमचाचा आले. श्रीवर्धनचे, वीस वर्षं इथेच. गादी बघून म्हणाले, "ही तर हमीदाभाभीची! बऱ्याच वर्षांपूर्वी याच घरात राहायची. तिच्या पोराला दमा होता. रोज दुपारची इथंच उन्हात झोडपायची." आणि लगेच त्यांनी व्हॉट्सॲपवर भाभींना फोन लावून माझ्या हातात दिला. त्या आता त्यांच्या गावी, रत्नागिरीकडे असतात.

मी फक्त गादी सापडल्याचं सांगितलं. आवाजाबद्दल एक अक्षर नाही.

त्या म्हणाल्या, "त्याच्या बापाने स्वतः कापूस भरून शिवलेली ओ. डॉक्टर बोलला, टाका. तेवढ्यात हे अचानक गेले... हात नाय झाला टाकायला. पोराला सांगितलं टाकली, नि माळ्यावर ठेवली."

"मुलगा बरा आहे ना?"

"एकदम. बोटीवर कामाला हाय." मग आवाज खाली आणून विचारलं, "तुमच्या घरात पोरगी हाय काय ओ? खोकते?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"दोन महिने झाले. असरची नमाज झाली की सव्वापाचच्या सुमाराला एक पोरगी खोकते. आमच्यात लहान पोर नाय. सून बोलली, कान तपासा. पण दम्याचा खोकला मला नाय कळणार? बसवायचं नाय. मग उठायचे, काठी घ्यायचे नि अंगणात गादी झोडपायचे. येड्यासारखी. दुसरं काय करणार होते?"

"आणि आता?"

"शुक्रवारपास्नं नाय आला. मला धास्ती, पोरीचं काय वाईट झालं की काय. घास उतरत नाय. ती बरी हाय ना?"

मी फोन इराकडे दिला, स्पीकरवर.

"बाय, छाती हलकी झाली काय गो?"

इराला मराठी समजतं, पण उत्तर ती कायम इंग्लिशमध्ये देते. त्या दिवशी म्हणाली, "हो. मी काल बीचपर्यंत पळाले."

पलीकडून रडण्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "टाका ती गादी. आता टाका." आम्ही टाकली.

तिकडे सव्वापाच वाजतात तेव्हा आमच्याकडे पावणेतीन झालेले असतात. हा हिशोब मी फोन ठेवल्यावर केला, मग कागदावर केला, मग मानसीला करायला लावला. ऑफिसमध्ये अजून कुणाला सांगितलेलं नाही, कारण पुढचा प्रश्न येईल, तिकडची काठी इकडच्या गादीवर कशी वाजली? नंतर हमीदाभाभींना आवाजाचं सांगितलं. हे कसं झालं, असं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला काय माहीत, बाबा? पोर खोकत होती, मी उठले."