वैनीने झाडलेली वाट

वैनी गेल्याचं मला दवाखान्यात कळलं. इंजेक्शनच्या सुया उकळत ठेवल्या होत्या, तेवढ्यात तारकर्लीहून आमच्या घराशेजारचे बाबल आले आणि डोक्यावरची टोपी काढून दारात उभेच राहिले... सकाळी मी निघाले तेव्हा ती पेजेचा टोप चुलीवर चढवत होती. छातीत कळ आली आणि बसल्या जागी कलंडली. त्याला आता महिना होऊन गेला.

वैनी म्हणजे माझी मोठी जाऊ. गोवा मुक्त झाला त्या सुमारास मी या घरात सून म्हणून आले. नवरा मुंबईला गोदीत. घरात मोठे दीर, म्हणजे भावोजी, आणि वैनी. मी नर्सिंग शिकलेली. मालवणच्या दवाखान्यात नोकरी लागली आणि तिथली जुनी लेडीज सायकलही मिळाली. घरची सून सायकलवरून जाणार, हे भावोजींना सोसलं नाही. माझ्या नवऱ्याने परवानगी दिलेली, त्यामुळे उघड अडवलं नाही. माझ्याशी बोलणं मात्र टाकलं.

तेव्हाचा रस्ता तांबड्या मातीचा, मधे बैलगाड्यांच्या खोल चाकोऱ्या. सायकल चालायची ती कडेच्या हातभर घट्ट पट्टीवरून, आणि तिथेच सगळा पसारा... झावळ्या, फुटक्या करवंट्या, तिसऱ्या खाऊन फेकलेली शिंपलं. ट्यूब सारखी फुटायची, मी उशिरा पोचायची. शेवटी डॉक्टरांनी बजावलं, असंच चाललं तर दुसरी नर्स बघावी लागेल. त्या संध्याकाळी मी सायकल ढकलत, रडत घरी आले. वैनीने सायकल भिंतीला टेकवली. चाकात रुतलेला काटा ओढून काढला आणि बराच वेळ हातात धरून बघत राहिली. तो आमच्याच परसाच्या कुंपणातला होता.

दुसऱ्या दिवसापासून ती माडाच्या हिरांची केरसुणी घेऊन सकाळीच बाहेर पडू लागली. दारापासून वळणापर्यंतची पट्टी अंगणासारखी झाडायची. मासळी घेऊन बाजाराला निघालेल्या बायका हसायच्या.

"राणीसाठी रस्तो झाडतंस गो?"

"राणी न्हय, नर्स आसा ती. उद्या तुझ्या सुनेचा बाळंतपण तीच करतली."

एकदा मी नेहमीपेक्षा लवकर निघाले. रस्त्यावर भावोजी हातात कुंपणाच्या काटेरी फांद्या घेऊन उभे, आणि समोर पदर खोचून वैनी.

"तुमी टाकत ऱ्हवा, मी झाडत ऱ्हवतंय. बघूया कोण आधी दमता ता."

आवाज जराही चढलेला नव्हता. भावोजींनी मान वळवली. मी तशीच मागे सरले.

पुढे एका शिमग्यात वैनी तापाने पडली. आज वाट तशीच असणार, म्हणून मी सायकल हातात धरून निघाले... तर वाट लख्ख! वळणावर भावोजी वाकून शिंपलं टोपलीत भरत होते. मला पाहताच टोपली उचलून माडांत शिरले. संध्याकाळी वैनीला सांगितलं तेव्हा गोधडीत तोंड लपवून ती हसत सुटली.

"दमले गो शेवटी!"

परतताना वळणावर घंटी वाजवायची मला सवय. ती ऐकली की मी आले हे ओळखून वैनी चुलीपासूनच ओरडायची, "इलंस गो?" आणि चहाचं आधण टाकायची. अजूनही हात आपोआप घंटीकडे जातो... घर गप्प असतं.

परवा मात्र घंटी वाजली आणि जरा वेळाने आतून भावोजींचा घोगरा आवाज आला, "इलंस गो?"

चुलीवर आधण होतं. चहात साखर फारच पडली होती. मी सगळा प्याले.