मंजूर दोन, हजर एक

ऑफिसात त्याला सगळे रकानेबुवा म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यालाही त्याचं वाईट वाटत नसे; उलट आतून थोडं बरंच वाटे. आरोग्य खात्याच्या नियोजन विभागात चोवीस वर्षं तो एकच काम करत आला होता. त्रेचाळीस दवाखान्यांत किती डॉक्टर, किती नर्स, किती तंत्रज्ञ आहेत, याचा दर महिन्याचा तक्ता भरायचा. एक तारीख उजाडली की टेलिफोन पुढ्यात ओढून तो एकेका दवाखान्याच्या मानगुटीवर बसे आणि पाच तारखेपर्यंत कुणाला सोडत नसे. एकही रकाना रिकामा ठेवून त्याचा तक्ता कधी वर गेला नव्हता.

रकाने होते दोनच: मंजूर आणि भरलेली. माणूस भरलेला की नाही, हे पगारावरून ठरे. ज्या दवाखान्याच्या नावावर पगार निघतो, तिथे तो माणूस आहे, मग प्रत्यक्षात तो कुठेही नखं कापत बसलेला असो. हा नियम कुणी काढला ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच तो बदलताही येत नव्हता.

त्याची धाकटी बहीण टेकडीपलीकडच्या दवाखान्यात नर्स होती. तिथे नर्सची पदं मंजूर दोन, भरलेली दोन. त्यातली दुसरी चार वर्षांपूर्वी ‘तात्पुरती’ म्हणून औषधांच्या मुख्य भांडारात आली, तिला खिडकीजवळचं टेबल मिळालं आणि ती तिथलीच झाली. कुणा वरच्या साहेबांची मेहुणी होती, तेव्हा बोलायचं कोणी? तिचा पगार टेकडीपलीकडे निघे, आणि बाई बसे रकानेबुवाच्याच इमारतीत, एक मजला खाली. जिन्यात भेटली की गोड हसून विचारी, “काय म्हणते आमची जोडीदारीण?”

“बरी आहे,” एवढं म्हणून तो वर येई आणि टेकडीपलीकडच्या दवाखान्यासमोर ‘भरलेली’मध्ये दोन लिही. सख्ख्या बहिणीसमोर चार वर्षं खोटा आकडा लिहिताना याचा हात कधी अडखळला नाही. नियमाने तो खरा होता ना!

एका रविवारी बहीण घरी आली ती भिंतीला धरून आली. रकानेबुवाची बायको तिला बघून घाबरलीच. “वन्सं, अहो तोंड केवढं पांढरं पडलंय तुमचं! बसा आधी.”

बसल्यावर तिने सांगितलं, तेही दुसऱ्याच कुणा बाईचं सांगावं तसं. गर्भाशयात गाठ आहे. रक्त जातंय, थांबत नाही. रक्त तपासलं तर निम्म्यावर आलंय. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांच्या आत ऑपरेशन करून घे, पुढे माझी जबाबदारी नाही. ऑपरेशन म्हणजे दीड महिना रजा.

“मग घे की रजा!” रकानेबुवा म्हणाला.

“आणि दवाखाना? महिन्याला अठरा-वीस बाळंतपणं असतात दादा. मी उठून आले तर त्या बायकांनी कुठे जायचं? मला दुसरी नर्स हवीये. खरीखुरी, हातपाय असलेली. मागून मागून थकले. दरवेळी वरून उत्तर येतं, तुमच्याकडे दोन आहेत.” तिने त्याच्याकडे पाहिलं. “ते दोन तूच लिहितोस ना?”

बायको स्वयंपाकघरात निघाली होती, ती दारातच उभी राहिली. त्या दिवशी रकानेबुवाला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली, आणि वाटायलाच हवी होती.

सोमवारी त्याने चोवीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. तक्त्यात स्वतःच्या अकलेने तिसरा रकाना आखला, ‘प्रत्यक्ष हजर’, आणि पुन्हा एकदा सगळ्या दवाखान्यांना टेलिफोन लावले. पगाराचं सोडा, आज समोर कोण उभं आहे ते सांगा. पलीकडून लोक धरण फुटल्यासारखे बोलत. बारा दिवस त्याने डोळ्यांत तेल घालून तो रकाना भरला. दोन नर्स मंजूर असलेले एकतीस दवाखाने निघाले. त्यांतल्या सव्वीस ठिकाणी हजर एकच. मग त्याने प्रत्येक हजर नर्समागे किती रुग्ण, किती बाळंतपणं, किती मृत्यू, तेही मांडलं. टेकडीपलीकडचा दवाखाना सगळ्यांच्या वर होता: एका बाईच्या अंगावर दोघींच्या वर काम, आणि चार वर्षांत बाळंतपणात एकही मृत्यू नाही.

त्याच आठवड्यात पुढल्या पाच वर्षांच्या मनुष्यबळाची बैठक होती. त्याने बहिणीला कळवलं, “काम झालं म्हणून समज. रजेचा अर्ज आत्ताच टाकून ठेव. बैठक झाली की महिन्याभरात माणूस येतो.”

बैठकीत नियोजनाच्या मोठ्या साहेबांनी तिसरा रकाना पाहिला आणि चष्मा कपाळावर चढवला. “हे कोणी केलं?”

रकानेबुवा भिंतीकडेच्या खुर्चीवरून उठला. “मी, साहेब.”

“उत्तम! इतकी वर्षं आपण आंधळेपणाने पदं वाटत होतो. पाहा, हा टेकडीपलीकडचा दवाखाना. एक नर्स, महिन्याला वीस बाळंतपणं, मृत्यू शून्य. म्हणजे एक पुरते. पुरते काय, झकास चालतंय!”

“साहेब, पुरते असं नाही,” रकानेबुवा म्हणाला. “ती बाई मरमर मरते म्हणून...”

“मरमर मरते हा कोणता रकाना?” साहेब म्हणाले, आणि टेबलाभोवती हशा पिकला. रकानेबुवाही हसला. चोवीस वर्षांची सवय, साहेब हसले की हसायचं. त्या हसण्याबद्दल त्याने स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही, पण हसला हे खरं.

अर्ध्या तासात ठराव झाला. टेकडीपलीकडचा दवाखाना आदर्श धरायचा. एका दवाखान्याला एक नर्स हे नवं प्रमाण. दुसरं पद रद्द. ज्या नर्स भांडारात, कचेऱ्यांत बसल्या होत्या त्यांचं काय करायचं, असा प्रश्न निघाला. त्या जिथे आहेत तिथेच त्यांना कायम करावं, म्हणजे कुणावर अन्याय नको. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी, आणि दोर वळून दिला होता आपल्या रकानेबुवानेच.

दुसऱ्या दिवशी मेहुणीबाईंनी जिन्यात त्याला पेढ्याऐवजी दोन्ही हात जोडून नमस्कार केला. “तुमच्यामुळे कायम झाले हो!”

आठ दिवसांनी बहिणीचा रजेचा अर्ज परत आला. वर लाल शाईत शेरा: ‘एकमेव नर्स. पर्यायी व्यवस्थेशिवाय रजा देता येत नाही. पर्यायी पद मंजूर नाही.’ तो कागद घेऊन रकानेबुवा रजेच्या टेबलावर गेला. तिथल्या बाई त्याच्या जुन्या ओळखीच्या. त्यांनी कागद पाहिला आणि कपाळाला हात लावला.

“अहो, मागच्या महिन्यात टाकला असता तर डोळे झाकून मंजूर झाला असता! दोन भरलेल्या असल्या की एकीला रजा मिळते, आम्ही काय तिथे जाऊन मोजतो का? आता तुम्हीच एक लिहिलंत. मी काय करू?”

त्याने परत दोन करता येतील का, असं विचारलं. चोवीस वर्षं आकड्याला देव मानणाऱ्या माणसाने विचारलं! बाई म्हणाल्या, ठराव झाला, आता प्रत्यक्ष देव आला तरी होणार नाही.

एक तारखेला त्याने टेलिफोन पुढ्यात ओढला. बेचाळीस दवाखाने आधी उरकले. त्रेचाळिसावा लावायला त्याने पाच तारखेची दुपार केली.

“बोल दादा.” आवाज दमलेला होता, पण राग नव्हता. राग असता तर त्याला सोपं गेलं असतं.

“अगं, मला माहीतच नव्हतं. दोन लिहिलेले होते तोवर तुला रजा मिळू शकत होती...”

“मला माहीत होतं.”

“काय?”

“रजेच्या टेबलावरच्या बाईंनी वर्षापूर्वीच सांगितलं होतं, कधी रजा लागली तर अर्ज टाक, कागदावर तुझी जोडीदारीण आहे, अडणार नाही. पण कागदावरची बाई येऊन बाळंतपण करणार होती का? म्हणून नाही टाकला.” पलीकडे कुणीतरी कण्हत होतं. तिने टेलिफोनवर हात ठेवून कुणाला तरी खोल श्वास घ्यायला सांगितलं आणि परत आली. “आकडे घे पटकन, एक बाई अडलीये. बाळंतपणं बावीस. मृत्यू नाही.”

त्याने लिहिलं. पुढचा रकाना आला तसा सवयीने तोंडातून प्रश्न गेला, “आणि प्रत्यक्ष हजर?”

पलीकडचं कण्हणं वाढलं.

“या महिन्याला एक लिही,” ती म्हणाली. “पुढच्या महिन्यात टेलिफोन लाव. उचलला तर विचार.”