मावशीचं नाक

माझी मावशी बसगाड्या दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण होती. रोज दुपारी बारा वाजता एकशे ऐंशी माणसं ग्रीसने काळे झालेले हात धुऊन रांगेत उभी राहायची आणि साडेबारापर्यंत प्रत्येकाच्या पुढ्यात गरम ताट असायचं. एकोणीस वर्षांत यात कधी खाडा पडला नव्हता. त्या वर्षी उन्हाळा सरता सरता तिला ताप आला. पाच दिवसांनी उतरला, सहाव्या दिवशी ती कामावर गेली, मोठ्या पातेल्यात कांदा परतायला टाकला आणि तिच्या लक्षात आलं की कांद्याला वासच नाही.

आधी तिला वाटलं, कांदाच तसला असेल. मग तिने लसूण ठेचून नाकाशी धरला. व्हिनेगरची बाटली उघडून हुंगली. नाक चुरचुरलं, डोळ्यांत पाणी आलं, पण वास म्हणाल तर शून्य. तिने बाटलीचं झाकण लावलं, पदराने डोळे पुसले आणि कांदा हलवायला घेतला. कुणाला एका शब्दानेही बोलली नाही.

मी तेव्हा शिकायला म्हणून मावशीकडेच राहत होते, पण मलाही पत्ता लागला नाही. तिने कानांवर आणि डोळ्यांवर स्वयंपाक चालवला होता. कांद्यातलं पाणी आटलं की तेलाचा आवाज बदलतो, चरचर बारीक होते. करपायला लागलं की कडेचा रंग आधी सांगतो. बाकी सगळं घड्याळावर. चवीचं मात्र अवघड होतं. जिभेला खारट, आंबट, गोड, कडू एवढंच कळायचं, त्यापलीकडे सगळं पुठ्ठा चघळल्यासारखं. मग ती भांडी घासणाऱ्या बाईंना हाक मारायची. त्यांचा आवाज असा दणदणीत की सगळा कारखाना त्यांना 'तोफ' म्हणायचा, आणि त्यांनाही ते आवडायचं.

"जरा चाखून बघा हो," मावशी म्हणायची. "माझ्या तोंडाला अजून तापाची कडू चव आहे."

पहिल्या दिवशी तोफ खूश झाली. आठव्या दिवशी तिने चमचा खाली ठेवून मावशीकडे रोखून पाहिलं. "तुमचा ताप जिभेवर घर करून बसलाय वाटतं," ती म्हणाली. मावशी हसली आणि पातेल्याकडे वळली. स्वयंपाकिणीचं नाक गेलं हे एकदा तोफेच्या तोंडी गेलं की वेल्डिंगवाल्यांपासून मॅनेजरपर्यंत पोहोचायला दहा मिनिटं पुरली असती.

घरात पकडलं ते काकांनी. काका, म्हणजे मावशीचे यजमान, शिंपी. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचं मशीन. कापड खरंच लोकरीचं आहे की भेसळीचं हे बघायला ते एक धागा काढून काडीने जाळायचे. लोकर असेल तर केस जळल्यासारखा घाण वास सुटतो. एरवी काडी ओढल्याचा आवाज आला तरी मावशी आतून ओरडायची, "बाहेर जाऊन जाळा ते." त्या संध्याकाळी मी अभ्यास करत होते, मावशी काकांच्या शेजारी बसून बटाटे सोलत होती. काकांनी एक धागा जाळला. मी नाक दाबलं. मावशी सोलतच राहिली. काकांनी दुसरा जाळला, या वेळी मुद्दाम तिच्या अगदी जवळ धरून. तिने मानही वर केली नाही.

"कधीपासून?" काकांनी विचारलं.

"काय कधीपासून?"

"वास."

मावशीची सुरी थांबली. "ताप उतरल्यापासून," ती म्हणाली. "आणि कुणाला सांगितलंत तर बघा."

दुसऱ्या दिवशी काका तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, तापाने नाकातल्या नसांना इजा झाली आहे. परत येईल कदाचित, महिन्याने, वर्षाने. कदाचित नाहीच येणार. औषध नाही. ओळखीच्या गोष्टी रोज हुंगायच्या, आणि हुंगताना तो वास आठवायचा प्रयत्न करायचा. जमलं तर नस हळूहळू जागी होईल.

तेव्हापासून रोज चार वाजता, मावशी कामावरून आली की, काका मशीनवर कापड टाकून तिला फिरायला बाहेर काढायचे. मलाही ओढायचे. ऊन तेव्हा मऊ झालं होतं. उन्हात चालताना स्वेटर नको वाटायचा आणि झाडाच्या सावलीत शिरलं की लगेच हवासा वाटायचा. कालव्याच्या कडेने एक पायवाट जायची. तिथल्या झाडांची पानं शेंड्याकडून पिवळी पडायला लागली होती, खालची अजून हिरवीगार. पलीकडे सफरचंदांची बाग होती. कुंपणाबाहेर झुकलेल्या फांद्यांखाली पडलेल्या फळांवर गांधीलमाश्या घोंघावायच्या. दूर कुणीतरी पालापाचोळा जाळत असायचं आणि त्याचा निळा धूर पाण्यावर अंथरल्यासारखा पसरायचा. इतके सुंदर दिवस मी क्वचित पाहिलेत, आणि आमच्यापैकी एकीला त्यातलं अर्धंच मिळत होतं.

काका मूठभर ओली पानं उचलून तिच्या नाकाशी धरायचे. "आठव. कसा असतो हा वास?"

"तुम्ही सांगा."

काका विचारात पडायचे. "ओल्या गोणपाटासारखा. त्यात थोडा चहाचा चोथा."

"शिंप्याला विचारलं की गोणपाटच सांगणार," मावशी म्हणायची. पण एखाद्या दिवशी तिचं डोकं फिरायचं. एकदा तिने पानं त्यांच्या हातातून हिसकून कालव्यात भिरकावली. "रोज मला वेडी करताय. काही नाही तिथे. भिंत हुंगतेय मी, भिंत." पुढच्या झाडाखाली वाकून काकांनी पुन्हा पानं गोळा केली.

घरचा स्वयंपाकही त्यांनीच हातात घेतला. मावशीला चुलीपुढे उभं राहायची शिसारी बसली होती. काकांना भाजी चिरायची तर मोजपट्टी लागायची, असले चौकोन पाडायचे. पहिलं भोपळ्याचं सूप त्यांनी केलं ते इतकं गुळगुळीत की मावशीने दोन चमचे घेऊन वाटी सरकवली. "मला चव नाही, दात आहेत," ती म्हणाली. "दातांना काहीतरी काम द्या." दुसऱ्या दिवशी सुपात भोपळ्याच्या मोठ्या फोडी होत्या, वर कुरकुरीत भाजलेल्या पावाचे तुकडे आणि भाजलेल्या भोपळ्याच्या बिया. मावशीने वाटी संपवली. काकांनी न विचारता दुसरी भरली.

असे महिनाभर गेले. आणि मग तो सोमवार आला.

शनिवारी कॅन्टीनला मटण आलं होतं आणि शीतखोलीत ठेवलं होतं. रविवारी सुट्टी. सोमवारी सकाळी फाटकावर वॉचमन सहज म्हणाला, "परवा रात्री लाइट गेली होती थोडा वेळ." मावशीने आत जाऊन शीतखोलीच्या तापमानाचा काटा पाहिला. काटा बरोबर जागेवर होता. तिने मटण बाहेर काढलं. रंग जरा काळपट वाटला, पण तसा तो कधीकधी असतो. बोटाने दाबून पाहिलं. एरवी तिने नाक खाली नेलं असतं आणि एका श्वासात निकाल लागला असता. तिने नाक खाली नेलं. काही नाही.

तिने तोफेला हाक मारली. तोफ आली ती रुमालात शिंकत. हवा बदलली की तिला सर्दी व्हायची. "बाई, आज मला विचारू नका," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आज मला माझाच वास येत नाहीये."

मावशीने त्याच मटणाचा स्ट्यू शिजवायला लावला. गाजरं टाकली, बटाटे टाकले, मिरी टाकली. तिने मला नंतर सांगितलं, की हात आपोआप चालत होते आणि डोक्यात एकच प्रश्न होता: थोडा वेळ म्हणजे किती? वॉचमन पाळी संपवून घरी गेला होता. अकरा वाजले. सव्वाअकरा. पातेल्यावर वाफ आली, बुडबुडे फुटायला लागले. बघायला तो स्ट्यू अगदी रोजच्यासारखा होता. कुणालाही बोलावून "जरा वास घ्या" म्हणता आलं असतं, पण एकोणीस वर्षं ज्या बाईने कुणाला हे विचारलं नाही ती आज का विचारतेय, याचं उत्तरही द्यावं लागलं असतं. कदाचित सगळं ठीक असेल. बहुतेक ठीकच असेल. या 'बहुतेक'पाशी ती पुनःपुन्हा येऊन अडकत होती. तिला रांगेतले चेहरे दिसत होते. रंगकाम करणारा म्हातारा, ज्याचं नुकतंच पोटाचं ऑपरेशन झालं होतं. शिवणयंत्रावर सीटची कव्हरं शिवणारी बाई, सातव्या महिन्यातली.

साडेअकराला तिने गॅस बंद केला आणि मॅनेजरच्या खोलीत गेली. मॅनेजर हळू बोलणारा माणूस होता आणि म्हणूनच सगळे त्याला टरकून असायचे.

"आजचं मटण चांगलं आहे की नाही मला सांगता येत नाही," ती म्हणाली. "मला वास येत नाही. सहा आठवडे झाले."

तो उठला, तिच्यामागून स्वयंपाकघरात आला, पातेल्यावर वाकला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. "मला चांगला वाटतोय," तो म्हणाला. "पण मी दिवसाला वीस सिगारेटी ओढतो. माझं नाक काय कामाचं." त्याने फाटकावरची नोंदवही मागवली. वॉचमनच्या अक्षरात लिहिलं होतं: वीज गेली रात्री दहा, आली सकाळी सात.

नऊ तास.

"दार बंदच होतं. टिकलं असेलही," मॅनेजर म्हणाला.

"असेलही," मावशी म्हणाली. तिने फडकी घेतली, पातेल्याचा एक कान धरला आणि दुसरा धरायला तोफेला बोलावलं. दोघींनी मिळून सगळा स्ट्यू मागच्या कचऱ्याच्या पिंपात ओतला.

बाराला वीस मिनिटं होती. मावशीने तिन्ही शेगड्या पेटवल्या, बटाटे बारीक चिरून उकळायला टाकले आणि अंडी फोडायला घेतली. मॅनेजरने कोट काढून खुंटीला लावला आणि पाव कापायला उभा राहिला. रांग खोळंबली. कुणी ताटं वाजवली. "आज जेवण बसपेक्षाही लेट," एक फिटर म्हणाला. एकला दहा मिनिटं कमी असताना शेवटचं आम्लेट ताटात पडलं.

त्यानंतर मॅनेजरने तिला खोलीत बोलावलं.

"सहा आठवडे तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"नाही."

"का?"

"तुम्ही मला घरी बसवलं असतं."

"बसवलं असतं," तो म्हणाला. "आता तर बसवावंच लागेल. पुढचं काय ते विचार करून कळवतो."

मावशी दोन वाजता घरी आली. त्या वेळी ती कधी घरी येत नसे. काकांनी मशीन थांबवलं. तिने सगळं सांगितलं, अगदी सरळ, जसं दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं, आणि मग भिंतीकडे तोंड करून झोपली.

पुढचे तीन आठवडे घरात आम्ही हळू आवाजात बोलायचो. फोन वाजला की तिघंही दचकायचो. पण काकांनी फिरणं सोडलं नाही. आता तर ते सकाळीही निघायचे. कालव्यावर धुकं असायचं, गवत पायांना भिजवायचं, आणि परत आल्यावर ते जाडसर कापलेल्या बटाट्यांचं गरमागरम काहीतरी तिच्यापुढे ठेवायचे. कधी खारट, कधी कच्चं. ती खायची. एके दिवशी तिने त्यांच्या हातून चमचा घेतला आणि कढईतलं स्वतःच हलवायला लागली. काका बाजूला सरकले आणि मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिले.

अठराव्या दिवशी दुपारी आम्ही बागेच्या कुंपणापाशी होतो. मावशी एकदम थांबली. "काय जळतंय?" तिने विचारलं.

काकांनी हवेत नाक फिरवलं. मीही. कुठेच काही जळत नव्हतं.

"रबर जळतंय. घाणेरडा वास आहे." ती इकडेतिकडे वळून शोधायला लागली, दोन पावलं पुढे, एक मागे, आणि मग खाली वाकली. गवतात एक सफरचंद पडलं होतं, एका बाजूने सडलेलं. तिने ते उचलून नाकाशी धरलं आणि तिला उमासा आला. "हेच. याला येतोय."

"सफरचंदाला रबराचा?" काका म्हणाले.

"येतोय म्हणते ना." तिने ते पुन्हा नाकाशी नेलं, पुन्हा तोंड वाकडं केलं, आणि मग तिथेच ओल्या गवतात बसली. काका तिच्या शेजारी बसले. बराच वेळ ते सफरचंद दोघांच्या हातांतून फिरत होतं.

डॉक्टर म्हणाले, ही चांगली खूण आहे. नस जागी होते तेव्हा आधी चुकीचे निरोप देते. बरोबर द्यायला किती दिवस लागतील ते सांगता येत नाही.

पुढच्या सोमवारी मॅनेजरचा फोन आला. नव्या स्वयंपाक्याचं जेवण लोक परत पाठवत होते, पण त्याने ते कारण सांगितलं नाही. तो म्हणाला, परत या, पण एका अटीवर. कच्चा माल रोज सकाळी दुसऱ्या कुणीतरी हुंगून पास करायचा, आणि तो माणूस नाही म्हणाला तर नाही. तुमचा शब्द तिथे चालणार नाही. मावशीला ते झोंबलं. तिने फोन ठेवला. मग म्हणाली, "बरोबर आहे त्याचं."

पास करायचं काम तोफेकडे आलं. तिने पहिल्याच दिवशी आठ किलो मासे नापास केले आणि कारखानाभर सांगत फिरली. मासे चांगले होते असं मावशीला आजही वाटतं. पण त्या दिवशी तिने वाद घातला नाही. मासे उचलले, बाहेर नेऊन ठेवले आणि मसूर भिजत घातला.

या गोष्टीला चार वर्षं झाली. तिला आता निम्म्याहून जास्त वास येतात. कॉफी अजूनही डांबरासारखी लागते, म्हणून ती पीत नाही. ओल्या पानांचा वास तिला आला तो पुढच्या वर्षी, पहिल्या थंड सकाळी, कामावर जाताना, एकटी असताना. तिने संध्याकाळी घरी येऊन सांगितलं. काकांनी विचारलं, कसा आहे? ती विचारात पडली, आणि म्हणाली, तुम्ही सांगितला होता तसा मुळीच नाही.