रांगेत बसवलेले कपॅसिटर

सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आमच्या सर्किट कार्डावरचा लाल दिवा सकाळपासून लुकलुकत होता. तो लुकलुकला म्हणजे एरर. फायबरमधून आलेले आकडे कार्ड कुठेतरी चुकीचे वाचत होतं. तिथले इंजिनिअर पाटील साहेब माझ्या मागे हाताची घडी घालून उभे होते.

"उद्या दुपारी तपासणीला पुण्याची टीम येतेय. तोवर हे थांबलं नाही, तर सामान परत घेऊन जा," ते म्हणाले. आवाज अजिबात चढवला नाही, म्हणून मला जास्तच धडकी भरली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. साताऱ्याच्या एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना टेलिफोनच्या फायबर लिंकसाठी कार्डं बनवायचा. मी तिथली टेस्ट इंजिनिअर. माझ्यासोबत जीपमधून सुभेदार आले होते. वडूजकडचे, सैन्याच्या सिग्नल्समधून रिटायर झालेले. कार्डावर कुठला पार्ट कुठे बसेल, तांब्याच्या रेघा कुठून जातील, हे लेआउटचं ड्रॉइंग तेच काढायचे.

मी साताऱ्याला आमच्या मालक साहेबांना फोन लावला.

"सोल्डरिंग कुणाचं आहे?" साहेबांनी विचारलं.

"शोभाचं."

"दुसरं कार्ड लावून बघितलं?"

"तेही तसंच करतंय."

"तेही शोभाचंच ना? मग विषयच संपला. तिला आजच घरी पाठवतो."

माझं डोकंच फिरलं. कार्डं शोभाचीच असणार होती, कारण तिळाएवढे पार्ट जोडायला तिच्याइतका स्थिर हात कारखान्यात दुसरा नव्हता. शोभा कांबळे. घरात पगाराची नोकरी तिची एकटीची, त्यावर धाकट्या बहिणीचं कॉलेज चाललेलं. मी म्हटलं, "साहेब, उद्यापर्यंत थांबा." त्यांनी फोन ठेवून दिला.

मी लाकडी काडीनं सोल्डरचा एकेक जोड दाबून बघितला. कच्चा जोड असेल तर दाबल्यावर दिवा काहीतरी फरक दाखवतो. इथे काही नाही. मग वाटलं, हेच कार्ड साताऱ्यात निमूट चालत होतं, इथेच का रुसलं? साताऱ्यात टेस्टच्या वेळी ते एकटं असायचं. इथे कार्डं खोचायची रॅक पूर्ण भरलेली. एक्स्चेंजच्या बॅटरीचं व्होल्टेज कमी करणारा कन्व्हर्टर याच कार्डावर होता आणि शेजारची कार्डंही त्याच्यावरच चालत होती, म्हणजे इथे त्याच्यावर भार जास्त.

मी शेजारची कार्डं एकेक करून बाहेर ओढली. शेवटचं काढलं आणि दिवा शांत झाला. परत बसवली, पुन्हा लुकलुक. कच्चं सोल्डर काही शेजारी बघून सुधारत नाही. म्हणजे शोभा सुटली, पण ते फक्त मला माहीत होतं.

इथे थोडं समजावून सांगते. वेगाचा सिग्नल एका रेघेवरून पाठवत नाहीत, जोडीनं पाठवतात. एक रेघ वर गेली की दुसरी खाली. समोरची चिप दोघींमधला फरक तेवढा बघते. वाटेत बाहेरच्या विजेचा कचरा पडला तर दोघींवर सारखा पडतो आणि फरक काढताना निघून जातो. दोन चिपांचं मूळ व्होल्टेज वेगळं असेल तर प्रत्येक रेघेत एक कपॅसिटर घालतात. तो स्थिर व्होल्टेज अडवतो, पळता सिग्नल जाऊ देतो. अट एवढीच, की दोन्ही रेघा चिकटून जायला हव्यात आणि दोन्ही कपॅसिटर एकाच ठिकाणी, शेजारी शेजारी हवेत.

रेघांवरचा सिग्नल पडद्यावर बघायला स्कोप लावला. एक रेघ स्वच्छ. दुसरीवर कन्व्हर्टरचा सगळा कचरा.

मी कार्ड बाहेर काढून उजेडात धरलं. कडेला सगळे कपॅसिटर एका रांगेत उभे, परेडला उभे राहावेत तसे. जोडीतला एक रांगेच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. आणि त्या दुसऱ्याकडे जाणारी रेघ थेट कन्व्हर्टरच्या कॉइलखालून, म्हणजे कचरा जिथून निघतो तिथूनच गेलेली.

सुभेदारांना काय सांगायचं, मला सुचेना. वयानं वडिलांएवढे. मी कार्ड त्यांच्या हातात दिलं आणि त्या रेघेवर बोट ठेवलं.

"जोडीनं काढली हुती मी आदी," ते हळू आवाजात म्हणाले. "पर रांग वाकडी दिसत हुती, मॅडम. म्हनून सरळ केली. सोल्डर चांगलंच हाय व्हय मग?"

"एकदम चांगलं आहे."

त्यांनी स्वतः फोन लावला. "साहेब, चूक माझी हाय, पोरीची न्हाई. तिला सांगलीला पाठवा. दुरुस्ती तिच्याच हातानं हुईल."

साहेबांनी तिला दुपारीच सगळ्यांसमोर कामावरून काढलं होतं. आता तिच्या घरी माणूस पाठवावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं शोभा आली. टॉवेलात गुंडाळलेली स्वतःची सोल्डरिंग आयर्न घेऊन. कुणाकडे बघितलं नाही. "काय करायचं हाय?" एवढंच विचारलं. मी ब्लेडनं जुन्या रेघा तोडल्या. तिनं दोन्ही कपॅसिटर चिपजवळ शेजारी शेजारी बसवले आणि बारीक तारेची जोडी पिळून जोडली. सुभेदार तिच्यासाठी भिंग धरून उभे होते. पाटील साहेब दर थोड्या वेळानं घड्याळ बघत होते.

कार्ड बसवलं. रॅक भरली. पुण्याची टीम जिन्यावर होती तेव्हाही मी दिव्याकडेच बघत होते. तो पेटला नाही. त्यांनी तपासलं तेव्हाही नाही.

मी साताऱ्याला कळवलं. साहेब खूश झाले. "शोभाला सांग, सोमवारपासून ये."

मी तिला निरोप दिला. ती आयर्नची वायर गुंडाळत होती.

"काढलं तवा सगळ्यांच्या म्होरं काढलं," ती म्हणाली. "आता घ्यायचं ते बी सगळ्यांच्या म्होरंच घ्या. फोनवर नगं."

मी हे साहेबांना शब्दाला शब्द सांगितलं. सोमवारी ते केबिनमधून बाहेर आले, शोभाच्या टेबलापाशी थांबले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझी चूक झाली." मग वळून आत गेले. शोभानं मान वर केली नाही, पण आयर्न तापायला लावली.

पुढे मी पुष्कळ कारखाने बघितले. वस्तू बिघडली की शेवटचा हात ज्याचा लागला, त्याला सगळे आधी धरतात. मी तेव्हापासून आधी ड्रॉइंग मागवते.