रेजिनाची फांदी

आमच्या घरात कुठलीच गोष्ट फार दिवस टिकत नाही — ना बेसनाचे लाडू, ना गुपित. हे एक मात्र टिकलं. नवऱ्याला ठाऊक नाही, मुलीला नाही, आणि ज्या देवापुढे रोज दिवा लावते त्याच्यापुढेही मी हे कधी बोललेले नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसांसमोर माझी जीभ रेटत नाही — आणि एरवी ही जीभ किती चालते ते आमच्या इमारतीत कुणालाही विचारा.

कांजूरमार्गला राहते मी, पूर्वेला, गावठाणाच्या तोंडाशी उभ्या राहिलेल्या एका इमारतीत. विमा कंपनीतून निवृत्त झाले, घर खायला उठलं, तेव्हा फुटपाथच्या मागे लागले. हसू नका. रस्ता आधी चालणाऱ्याचा, मग सायकलवाल्याचा, मग बसचा, आणि उरला तर मोटारवाल्यांचा — हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते, आणि ते खरंच आहे. माणूस खोटा असला म्हणून त्याचं म्हणणं खोटं ठरत नाही. आमचा शेजारपाजारच्या लोकांचा एक गट होता. तक्रारी टाकायच्या, फोटो काढायचे, वॉर्ड ऑफिसात जाऊन ठाण मांडायचं. गटाची पुढारी मी. कुणी नेमलं नव्हतं, माझी मीच झाले होते.

रेजिना आमच्या गटातली. गावठाणातली जुनी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचीच मूळची ख्रिस्ती. घरात मराठी, चर्चमध्ये मराठी, आणि वाक्यावाक्याला 'गो'. माझ्याहून थोडी मोठी, पण आमच्यात अगं-तुगंच. चालण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. रिक्षात बसायची नाही. दर महिन्याला मनोरीला बहिणीकडे जायची — बस बदलत बदलत मार्वेपर्यंत, तिथून फेरीबोटीने — आणि येताना माझ्यासाठी सुकट आणायची. घरात लग्न असलं की उंबराच्या पाण्याला, म्हणजे नवरा-नवरीच्या आंघोळीचं पाणी विहिरीवरून गात आणायला, निघालेल्या बायकांत सगळ्यात पुढे तीच. गाणं ती सांगायची, बाकीच्या मागून म्हणायच्या. मला तिचं कौतुक होतं. आणि — खरं बोलायचं ठरवलंच आहे तर — मला ती सहनही होत नव्हती. लोक ऐकायचे माझं, पण त्यांना आवडायची ती.

तर, खड्डा.

स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहाळेवाल्याच्या गाडीजवळ, फुटपाथखालच्या गटाराचं झाकण कंत्राटदाराच्या माणसांनी काढलं आणि परत बसवलंच नाही. मी तक्रार टाकली. रेजिनाने काय केलं? परसातल्या फणसाची एक फांदी तोडली आणि खड्ड्यात उभी खोचली. मुंबईत राहत असाल तर पाहिलंच असेल तुम्ही — गटार उघडं दिसलं की कुणीतरी फांदी खोचून जातं, आणि मागून येणारे लांबूनच वळसा घालतात. ही फांदी सुकली की रेजिना नवी आणायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

काही दिवसांनी माझी तक्रार बंद झाली. शेरा काय होता? 'तात्पुरती उपाययोजना केलेली आढळली.' उपाययोजना म्हणजे रेजिनाची फांदी! मी तावातावाने फोटो घेऊन ऑफिसात गेले, तर तिथला साहेब फोटो बघून म्हणतो, "मॅडम, वृक्षारोपण छान झालंय की." शेजारचा कारकून मान खाली घालून हसला. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

पुढच्या बैठकीत मी सगळ्यांदेखत रेजिनाला सांगितलं — फांदी लावू नकोस, तुझ्या फांदीमुळे काम अडतंय. "आणि कोण पडला तर मग?" ती म्हणाली. मी म्हटलं, "पडू दे की एखादा. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात ना? इथे कुणाला तरी ठेच लागल्याशिवाय साहेब शहाणा व्हायचा नाही." सगळे हसले. रेजिना नाही हसली. "आधी माणसं सांभाळ गो, फोटो मग काढ," एवढंच म्हणाली — आणि लोकांनी माना डोलावल्या. माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन, तिच्याकडे बघून माना डोलावल्या. ते मला किती लागलं हे तेव्हा माझं मलाही कळलं नव्हतं.

मी अजून मुद्द्यावर आलेले नाही, कळतंय ना तुम्हाला? येते.

थंडीचे दिवस होते, सकाळी उजाडायला उशीर व्हायचा. मी फिरायला बाहेर पडले होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. खांबावरच्या दिव्याचा उजेड बरोबर खड्ड्यावर पडला होता, आणि त्यात ती फांदी — आदल्या संध्याकाळी बदललेली, पानं हिरवीगार. मी ती उपटली. उपटली आणि शहाळेवाल्याने रचून ठेवलेल्या रिकाम्या शहाळ्यांच्या ढिगात फेकली. फोटोसाठी. फांदी गेल्यावर खड्डा कसला छान दिसायला लागला! चार-पाच फोटो काढले. मग वाटलं, माणूस हवा. शेजारून माणूस गेल्याशिवाय खड्डा केवढा ते लोकांना कळत नाही. म्हणून रस्त्यापलीकडे, बंद मेडिकलच्या पायरीवर, मोबाइल धरून उभी राहिले.

फोटो झाल्यावर फांदी परत खोचता आली असती का? आली असती. दोन पावलांवर पडली होती.

आणि गल्लीतून रेजिना आली. चर्चमध्ये सकाळच्या मिसाला निघालेली, डोक्याला स्कार्फ, चपला फटफट वाजवत. मी रेकॉर्डिंग चालू केलं. ती कशी चालत होती सांगू? निर्धास्त. पायाखाली बघतच नव्हती — समोर बघत होती, फांदी कुठे दिसते ते. स्वतःच्या हाताने लावलेली फांदी. ती दिसली की वळायचं. ती दिसत नाही, म्हणजे खड्डा अजून पुढे आहे. हे सगळं मला पलीकडे उभं राहून, ती पोचायच्या आधी, समजलं होतं. स्वच्छ समजलं होतं.

"रेजिना!" — एवढं ओरडायला कितीसा वेळ लागतो? वेळ होता. मी ओरडले नाही, कारण माझा आवाज व्हिडिओत आला असता. हे एक. आणि दुसरं — जे सांगायला इतका वेळ घेतला — मला वाटलं, कळू दे बाईला. माणसं सांभाळतेस ना? कळू दे. मला ती पडायला हवी होती. मरावी असं नाही, हाड मोडावं असंही नाही, पण पडायला हवी होती.

पडली. एक पाय मांडीपर्यंत आत, दुसरा बाहेर मुडपलेला. "आई गो" म्हणून ओरडली ती. मी आधी रेकॉर्डिंग थांबवलं, मग धावले. या क्रमात माझी चूक होणार नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन करावं लागलं. मी नेमकी तिथून जात होते, खड्ड्याचा व्हिडिओ काढत होते आणि तेवढ्यात — असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि सगळ्यांना ते पटलं, कारण खड्ड्यांचे व्हिडिओ मी नेहमीच काढायची. फांदी शहाळ्यांच्या ढिगाबरोबर त्याच सकाळी कचऱ्याच्या गाडीतून गेली. हॉस्पिटलात रेजिना माझा हात सोडेना. व्हिडिओ टाकू का, असं विचारलं तर म्हणाली, "टाक गो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

टाकला. आणि असा पसरला की विचारू नका! साहेब धावत आला, कॅमेरे आले. यथावकाश तो सगळा रस्ता नवा झाला — रुंद फुटपाथ, व्हीलचेअरसाठी उतार, झेब्रा पट्टे, बसस्टॉपला बाकडी, कडेने सायकलींचा पट्टासुद्धा. आज शाळेतली मुलं तिथून एकटी जातात-येतात. उद्घाटनाला मी रेजिनाला वॉकरसकट पुढच्या रांगेत बसवलं आणि फोटोवाल्याच्या कानात सांगितलं, वॉकर दिसला पाहिजे. शाल आणि श्रीफळ मला मिळालं. करून सवरून नामानिराळी, वर सत्कार.

तुम्हाला वाटेल, झालं, हीच ती गोष्ट. एवढीच असती तर मी कदाचित कुणाला सांगितलीही नसती. त्या गोष्टीबरोबर जगणं जमायला लागलं होतं मला.

रेजिना तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघायची. स्वतःचं पडणं असं कोण बघत बसतं? तिला एकच कळत नव्हतं — फांदी कुठे गेली? संशय गेला शहाळेवाल्यावर. फांदीमुळे गिऱ्हाईक लांबून जातं म्हणून तो मागे एकदा कुरकुरला होता. रेजिनाच्या मुलाने भर रस्त्यात त्याच्या मुस्कटात मारली. तो शपथा घेत राहिला, कानाला हात लावत राहिला. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन नाहूरच्या बाजूला निघून गेला. मी गॅलरीत उभी होते, मूग गिळून.

रेजिनाला मात्र चैन पडेना. एका संध्याकाळी म्हणाली, "शुभा, त्याने नसेल काढली तर गो? गरिबाचा तळतळाट लागेल मला." आणि माझ्याकडे बघत राहिली. आता माझ्यापुढे दोन वाटा होत्या ना? त्यानेच काढली म्हणायचं, नाहीतर मी काढली म्हणायचं. मी तिसरी शोधली. म्हटलं, "रेजिना, कुणीच काढली नाही गं. तू लावलीच नव्हतीस. जुनी सुकली म्हणून काढलीस आणि नवी लावायची विसरलीस. आदल्या संध्याकाळी मी तिथून गेले तेव्हा नव्हती. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

किती सहज सुचलं! आणि त्या क्षणी मला बरंसुद्धा वाटलं. एका गरिबाला वाचवलं, असं वाटलं.

ती म्हणाली, "लावल्यासारखं आठवतंय पण." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "वय झालं आता आपलं." 'आपलं' म्हटलं मी.

तिने मुलाला नाहूरला पाठवून शहाळेवाल्याला घरी बोलावून घेतलं आणि हात जोडून त्याची माफी मागितली. फादरकडे जाऊन माझ्या पापाची कबुली तिने दिली. आणि त्यानंतर ती स्वतःवरच पहारा ठेवायला लागली. गॅस बंद केला का, दार लावलं का, गोळी घेतली की घ्यायचीय. डॉक्टर म्हणाले, स्मरणशक्ती ठणठणीत आहे. ती म्हणाली, डॉक्टरांना काय माहीत. हाड केव्हाच जुळलं. काठी टेकत छान चालता येतं तिला. पण मनोरीला जात नाही — बोटीतून उतरले आणि रस्ताच आठवला नाही तर? भाचीच्या लग्नात बायका उंबराच्या पाण्याला निघाल्या तेव्हा ती घरात बसून राहिली — शब्द विसरले तर? एवढा रुंद फुटपाथ तिच्या गल्लीच्या तोंडापासून स्टेशनपर्यंत गेलाय, आणि ती त्यावर पाऊल ठेवत नाही. ठेवते, मी बरोबर असले तरच.

मी सांगू शकते का? कधीही. तिचं घर माझ्या गॅलरीतून दिसतं. एक वाक्य बोलले तर तिला तिचं डोकं परत मिळेल. रस्ता काही कुणी उखडून नेणार नाही आता, तेव्हा रस्त्यासाठी गप्प बसलेय असंही म्हणता येत नाही. मला माझं नाव जपायचंय, बस. आणि आणखी एक — एवढं सांगितलं तर हेही ऐका — ती माझ्यावाचून बाहेर पडत नाही, दोन मिनिटं उशीर झाला तर दारात वाट बघत उभी राहते, हे मला आवडतं.

गेल्या आठवड्यात तिच्याकडे बसून तिच्या गोळ्या डबीत भरत होते. ती खिडकीशी बसली होती. एकदम वळली, आणि तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी पहिल्यासारखा दिसला. म्हणाली, "शुभा, मला आठवलं गो. फांदी मी लावली होती. हाताला फणसाचा चीक लागला होता, निघेना, मी खोबरेल चोळून काढला. त्याच संध्याकाळी. मला दिसतंय सगळं."

मी डबीचं झाकण लावलं. म्हटलं, "ते आधीच्या वेळचं गं."

तिने दोन्ही तळहात वर करून त्यांच्याकडे बघितलं. "असेल," म्हणाली.